निवण्याची फेरी

“...पण मग पाय उचलायचा कशाला, आक्का?”

केतकीनं हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा आपटलंच.

आक्का पत्र्याच्या शेडखाली घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, बारीक कापलेले पांढरे केस. मांडीवर एक काळी फळी. फळीवर खडूनं एकच शब्द लिहिलेला : गार.

“काटा किती होता?” त्यांनी विचारलं.

“फेरी बघितलीत का तुम्ही? आज दिवसभरात एवढ्या वेगानं कुणीच...”

“काटा विचारला मी.”

“मध्यावर होता. अगदी बरोबर.”

“तो पाण्याचा. तेलाचा?”

केतकीनं गाडीकडे वळून बघितलं.

...

“बघितला नाही,” ती म्हणाली.

“फळी दिसली?”

“दिसली.”

“मग?”

“गाडी पळत होती, आक्का. इतकी छान पळत होती, की... अशा वेळी पाय उचलायचा कशाला?”

पदराच्या टोकानं आक्कांनी फळीवरचा खडू पुसून टाकला.

कोल्हापूरपासून तासाभराच्या वाटेवर उघड्या माळावर हा ट्रॅक होता. भोवती वाळलेलं गवत आणि दिवसभर वाहणारा वारा. आक्का म्हणजे यशोधरा इंगळे. तरुणपणी त्यांनी देशभरातल्या ट्रॅकवर गाड्या पळवल्या होत्या. आता सत्तरी उलटल्यावर त्या इथं येऊन बसत आणि कुणी विचारलं तर शिकवत. न विचारणाऱ्याला त्या काही सांगत नसत.

त्यांच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं एकाच माणसानं बांधली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या श्रीपती सुतारानं.

केतकी ही श्रीपतीची मुलगी.

दिवाळीनंतर श्रीपतीला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. केतकी चालवत होती त्या गाडीचं इंजिन त्यानं नुकतंच बांधून पुरं केलं होतं. गाडी त्याच्या कारखान्याच्या शेडमधून बाहेर निघायच्या आधीच तो अंथरुणाला खिळला. ते इंजिन त्याच्या हातचं शेवटचं ठरलं.

महिनाभरानं केतकी आक्कांकडे आली होती.

“मला जिंकायला शिकवा,” ती म्हणाली होती.

“ते मला येत नाही,” आक्का म्हणाल्या होत्या. “गाडी शाबूत घरी आणायला येतं. चालेल?”

केतकीला वाटलं, म्हातारी विनयानं बोलतेय. ती हो म्हणाली.

तेव्हापासून ती दर शनिवारी येत होती. हात चांगला होता, नजर तयार होती. भीती नव्हती. ट्रॅकवरची जुनी पोरं तिच्या वेगाकडे बघत राहायची. ते तिला कळायचं, आणि आवडायचंही.

आता उद्या शर्यत होती.

“चल,” आक्का खुर्चीतून उठल्या. “मला बसव गाडीत.”

“तुम्ही? आत्ता?”

“शेजारी बसते. बिघडलं काय?”

केतकीनं त्यांना दुसरं हेल्मेट आणून दिलं, पट्टे आवळले. आक्कांनी पट्ट्याखाली साडी नीट चापून घेतली आणि हात मांडीवर ठेवले.

“काय करायचं?” केतकीनं विचारलं.

“आधी तुझ्या मनासारखं पळव. तेलाचा काटा एकशेवीस अंशांच्या वर गेला की मला सांग.”

“आणि मग?”

“मग निवण्याची फेरी मारायची. शेडकडे आत न येता, कुणाच्या वाटेत न येता, काटा खाली आणायचा.”

केतकी हसली. “एवढंच?”

“एवढंच.”

ती सुटली. सरळ पट्ट्यावर इंजिनाचा आवाज चढला. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणात टायर कण्हले. आक्का समोर बघत होत्या. एखादं माणूस गाडीतून देवाला जातं तशा निवांत.

दुसऱ्या फेरीत केतकी म्हणाली, “झाले एकशेवीस.”

“आण खाली.”

केतकीनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी मंदावली. ती काट्याकडे बघत राहिली. पाण्याचा काटा किंचित हलला आणि परत जागेवर आला. तेलाचा तिथंच.

“काटा अडकलाय वाटतं.”

“नाही.”

“मग उतरत का नाही?”

“पाय उचललास. पण गियर?”

गियर खालचाच होता. गाडी हळू जात होती, पण आत इंजिन अजून तितकंच घुमत होतं. केतकीनं ओठ चावला आणि वरचा गियर टाकला. आवाज खाली आला. भोवतालचा वारा पहिल्यांदा ऐकू आला.

काटा हलला नाही.

“आता?”

“आता पुढं बघ. कुणाच्या मागं आहेस?”

पुढं एक पांढरी गाडी सावकाश चालली होती. केतकी तिच्या शेपटीला चिकटून होती. सवयच होती तिला. पुढची गाडी वारा फोडते, मागच्या गाडीला आयती वाट मिळते.

“वाट मिळते,” आक्का म्हणाल्या, “पण हवा मिळत नाही. तिच्या इंजिनाची ऊन वाफ तुझ्या तोंडावर येतेय. तेल गार करणाऱ्या जाळीला वारा कुठून लागणार?”

केतकी बाजूला झाली. माळावरचा वारा समोरून भरभरून आत आला.

...

काटा अगदी थोडा हलला.

“हळू उतरतोय फार,” केतकी म्हणाली.

“तेल आहे ते. तापायलाही वेळ घेतं, निवायलाही. पाणी चटकन गरम होतं, चटकन गार होतं, त्याच्याकडे बघून तू समजतेस सगळं ठीक आहे.”

“आणि तेल निवलं नाही तर?”

“पातळ होत जातं. लोखंड आणि लोखंडाच्या मधे त्याचाच काय तो पडदा असतो. पडदा फाटला की आतली बेअरिंग जातात. मग इंजिन जागच्या जागी जाम.”

मागून दोन गाड्या येऊन त्यांना ओलांडून गेल्या. एकानं हात केला. केतकीनं मान वळवली.

“ही फेरी संपता संपत नाही,” ती पुटपुटली.

“हं.”

“यात चालवायचं काय असतं, आक्का? नुसतं बसून राहायचं.”

“वेगाच्या फेऱ्या गाडी मारते,” आक्का म्हणाल्या. “ही तुझी तुला मारावी लागते.”

केतकीचा चेहरा तापला.

“तुम्हाला वेळ आहे, आक्का,” ती एकदम म्हणाली. “बाबांना नाही. डॉक्टर म्हणालेत, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. मला त्यांच्या हातात कप द्यायचाय. ते असताना. पुढच्या वर्षी नाही, उद्या. कळतंय तुम्हाला?”

...

आक्कांनी आपला सुरकुतलेला हात गियरवरच्या केतकीच्या हातावर ठेवला. पुढची सगळी फेरी तो तिथंच होता.

काटा शंभराच्या जवळ आला तेव्हा त्या म्हणाल्या, “आता आत घे.”

संध्याकाळी आक्का केतकीबरोबर तिच्या घरी गेल्या.

श्रीपती खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसला होता. मोठा, रुंद हाडाचा माणूस. आता अंगावरचा शर्ट सैल झाला होता. आक्कांना बघून त्याच्या तोंडाची डावी बाजू हलली.

“बस बस, उठू नकोस,” आक्का म्हणाल्या.

श्रीपतीच्या घशातून एक आवाज आला. तो हसला होता. चार महिन्यांत त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

केतकीची आई, सुशीलाबाई, आतून तांदळाची पेज घेऊन आल्या. केतकीनं वाटी त्यांच्या हातातून घेतली.

“दे आई, मी भरवते. मला परत जाऊन गाडी बघायचीय.”

तिनं चमचा भरला, त्याच्या ओठाशी नेला. दुसरा भरला. तिसऱ्या चमच्याला श्रीपतीला ठसका लागला. पेज हनुवटीवरून शर्टावर सांडली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पेज ऊन होती, आणि त्याला थांब म्हणता येत नव्हतं.

“बाबा... बाबा, सॉरी...”

सुशीलाबाई फडकं घेऊन धावल्या. केतकी वाटी हातात धरून नुसती उभी राहिली.

आक्कांनी ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली. कॉटच्या कडेला बसल्या. बशीत थोडी पेज ओतली, बशी गोल गोल फिरवली आणि फुंकर घातली. मग बोटाचं टोक बुडवून पाहिलं. परत फुंकर घातली.

श्रीपती त्यांच्याकडे बघत होता.

“तुला आठवतं का रे,” आक्का त्याला म्हणाल्या, “मद्रासच्या शर्यतीनंतर तू मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नव्हतंस? आधी इंजिनाला हात लावून बघितलंस, मग मला विचारलंस, आक्का, तुम्ही बऱ्या आहात ना.”

श्रीपतीच्या घशातून पुन्हा तोच आवाज आला.

आक्कांनी चमचा त्याच्या ओठांना लावला. तो गिळेपर्यंत थांबल्या. मग दुसरा.

खिडकीबाहेर उद्यमनगरातल्या शेडमधली लेथ मशीन एकेक करून बंद होत होती. वाटी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. केतकी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. परत जाऊन गाडी बघायची होती, ते ती विसरली.

निघताना आक्का जिन्यात थांबल्या. केतकी त्यांना पोचवायला खाली आली होती.

“आक्का, त्यांना काय हवंय, तुम्हाला कळतं का?”

“नाही.”

“इतकी वर्षं बरोबर होता तुम्ही.”

“म्हणूनच नाही म्हणते.”

...

“मी जिंकावं असं वाटत असेल ना त्यांना?”

आक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

“जेव आता. झोप लवकर,” त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

रविवारी सकाळी माळावर गारवा होता. ट्रॅकच्या कडेनं गर्दी जमली होती. वडापावच्या गाडीवर तेल तापलं होतं. कुणाच्या तरी स्पीकरवर हलगी वाजत होती.

शेजारच्या गाड्या सुरू होताच डरकाळ्या फोडू लागल्या. लोक टाळ्या वाजवायचे. केतकीनंही किल्ली फिरवली. तिचा पाय शिवशिवला. एक डरकाळी फोडली असती तर निम्मी गर्दी वळून बघणार होती.

तिनं पाय मागं घेतला. इंजिन नुसतं चालू ठेवलं. तेलाचा काटा तळाशी पडला होता. रात्रभर थंडीत पडलेलं तेल काकवीसारखं जड असतं. ते वर चढेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले.

आक्का कठड्याशी उभ्या होत्या. फळी त्यांच्या हातात नव्हती.

“फळी?” केतकीनं काच खाली करून विचारलं.

“घरी राहिली.”

“मग मला कळणार कसं?”

आक्का तिच्याकडे बघून हसल्या. मग वाकून त्यांनी तिच्या हेल्मेटची काच लावून दिली, एखाद्या मुलीच्या शर्टाचं वरचं बटण लावावं तशी.

शर्यत सुटली.

केतकीची सुरुवात चांगली झाली. पहिल्या वळणाला ती पाचवी होती. मग चौथी. टाकीजवळच्या वळणात दोघं एकमेकांना अडवायला गेले, आणि ती त्यांच्या आतून निघून गेली. गर्दीतून आरोळी उठली. आता तिच्या पुढं एकच गाडी होती, नचिकेत गोगटेची. निळी. पुण्याचा हा मुरलेला गडी दरवर्षी इथला कप घेऊन जायचा.

केतकी त्याच्या शेपटीला चिकटली.

सरळ पट्ट्यावर तिची गाडी त्याच्या मागं ओढल्यासारखी पळत होती. वळणात तो जरा बाहेर जायचा. प्रत्येक फेरीत थोडा जास्त. त्याचे टायर दमत होते. केतकीला दिसत होतं, शेवटच्या दोन फेऱ्यांत हा चुकणार. तोवर फक्त इथंच राहायचं, त्याच्या मागं.

तिनं काट्याकडे बघितलं.

एकशेतीस.

तिनं नजर वर घेतली. निळ्या गाडीचा मागचा भाग समोर थरथरत होता. तिच्याकडून येणारी ऊन हवा जणू काचेतून आत येत होती.

पुढच्या फेरीत काटा अजून वर होता. लांब वळणात तेलाच्या दाबाचा दिवा एकदा लुकलुकला. एकदाच. परत विझला.

...

केतकीनं नंतर सांगितलं, की त्या क्षणी तिला कप दिसला नाही. आक्काही दिसल्या नाहीत. तिला श्रीपतीचा हात दिसला. उजवा. शेडमधल्या पिवळ्या दिव्याखाली, बोटांच्या चिमटीत बेअरिंग धरून ते उजेडात फिरवून बघणारा. एकेक बेअरिंग त्यानं असंच बघितलं होतं. पुसलं होतं. तेल लावून अलगद बसवलं होतं. तो हात आता चादरीवर पडून असायचा आणि सुशीलाबाई त्याची कूस बदलायच्या.

त्या हातानं बसवलेलं ते सगळं आत्ता, तिच्या पायापुढं, त्या पातळ होत चाललेल्या तेलात फिरत होतं.

सरळ पट्टा आला.

केतकी निळ्या गाडीच्या मागून बाजूला झाली.

गर्दीला वाटलं ती पुढं काढतेय. लोक उभे राहिले. पण तिनं वेळेआधीच वरचा गियर टाकला. इंजिनाचा आवाज खाली उतरला. निळी गाडी लांब गेली. मागून एक लाल गाडी सूं करून तिला ओलांडून गेली. मग एक हिरवी.

“काय झालं हिला?” कठड्याशी कुणीतरी म्हणालं. “घाबरली.”

आक्कांनी कठड्याची लोखंडी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

केतकी मोकळ्या वाऱ्यातून जात होती. आत तिला रडू येत होतं. मागून आणखी एक गाडी जवळ येत होती. पाय खाली दाबावा असं तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. तिनं पाय जिथं होता तिथंच ठेवला.

काटा उतरेना.

वळण. मोकळा वारा. परत वळण.

काटा उतरेना.

“चल ना,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “चल ना, बाबा...”

आणि मग, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा, काटा खाली सरकला.

तिनं अजून अर्धी फेरी वाट बघितली. काटा एकशेदहापाशी आला तेव्हा ती परत निघाली.

त्या शेवटच्या फेऱ्या बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं, की एवढं नितळ चालवणं त्यांनी इथं क्वचित बघितलं होतं. ती ओरबाडत नव्हती. कुणाच्या मागं चिकटत नव्हती. वळणात आत जायची आणि अलगद बाहेर यायची. मागून आलेली गाडी मागंच राहिली. हिरवी गाडी एकेका वळणाला जवळ येत गेली.

शेवटच्या वळणातून दोघी एकदमच बाहेर पडल्या. झेंड्याखालून जाताना हिरव्या गाडीचं नाक पुढं होतं. वीतभर.

केतकी चौथी आली. चौथ्याला काही मिळत नाही.

झेंड्यानंतरची फेरी तिनं सावकाश मारली. आत आली, शेडपाशी गाडी लावली, हेल्मेट ओढून काढलं. डोळे लाल होते. पलीकडे निळ्या गाडीभोवती ढोल सुरू झाला होता. नचिकेत गोगटे छतावर चढून हात हलवत होता.

तिनं किल्लीला हात घातला.

आक्कांनी खिडकीतून हात आत घालून तिचं मनगट धरलं.

“थांब.”

“झालं ना आता. संपलं,” केतकीचा आवाज फुटला. “चौथी, आक्का. चौथी आले मी.”

“तू पोचलीस. तेल अजून पोचलेलं नाही.”

केतकीनं काट्याकडे बघितलं. खरंच, तो अजून वरच होता. आत सगळं अजून धावत होतं.

“तोंड वाऱ्याकडे कर गाडीचं,” आक्का म्हणाल्या.

केतकीनं गाडी वळवून वाऱ्यासमोर उभी केली आणि उतरून बॉनेट उघडलं. आतून ऊन वाफ उठली. इंजिन एका लयीत चालत होतं. ना खडखड, ना ठोका. केतकी हात बांधून उभी राहिली. खांदे हलत होते. तिला वाटलं, आता आक्का काहीतरी बोलतील. बरोबर केलंस, असं तरी म्हणतील.

आक्कांनी कमरेला खोचलेला बटणांचा फोन काढला. डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला.

“सुशीला? मी आक्का... हो, झाली शर्यत... पोरगी धड आहे. गाडीही धड आहे. ऐक, फोन त्याच्या कानाशी धर. धरलास?... तशीच धरून बस.”

मग त्यांनी हात लांब केला आणि फोन उघड्या इंजिनावर धरला.

केतकी बघत राहिली.

पलीकडे ढोल वाजत होता. लोक हसत होते, कुणी गुलाल उधळत होतं. इथं दोघी बायका एका चालू इंजिनाशी न बोलता उभ्या होत्या.

...

बऱ्याच वेळानं आक्कांनी फोन क्षणभर कानाला लावला. ऐकलं. मग केतकीच्या कानाला लावला.

“...डोळे मिटलेत यांनी,” सुशीलाबाईंचा आवाज ओला होता. “डावा हात माझ्या हातावर ठेवलाय. बोटांनी ठेका धरलाय बघ. आणि घशातून हूं... हूं... करतायत. इंजिनाबरोबरच. सकाळपासून पाणीसुद्धा धड गिळलं नव्हतं गं... आणि आता हसतायत.”

“आई... त्यांना सांग, मी...”

“काय सांगू?”

केतकीनं डोळे पुसले.

“काही नको,” ती म्हणाली. “धरून ठेव फोन.”

आक्कांनी फोन परत इंजिनावर धरला. सत्तरी उलटलेला तो हात एवढा वेळ लांब धरून थरथरायला लागला होता. केतकी जवळ गेली आणि तिनं खालून आपल्या तळव्यावर त्यांचं कोपर पेललं.

दुपारचा वारा गाडीच्या जाळीतून आत शिरत होता. पलीकडचा ढोल थांबला. गर्दी पांगायला लागली.

केतकीनं मान वाकवून खिडकीतून आत बघितलं. काटा खाली आला होता. जिथं यायला हवा तिथं.

“आक्का, निवलं तेल,” ती हळूच म्हणाली. “आता बंद करू?”

आक्कांनी मान हलवली.

“राहू दे. ऐकतोय तो अजून.”